मडफ्लॅप लावताना पत्रा सांभाळा

पावसाळ्याआधी गाडी घासूनपुसून घेत होतो. मागच्या चाकाच्या कमानीवर, मडफ्लॅपच्या बरोबर वर, रंगाला मुगाएवढा फुगवटा दिसला. नखाने खरवडला तर पोपडा निघाला आणि आत तपकिरी गंज. फ्लॅप काढला तेव्हा कारण कळलं. गाडी घेतली त्याच आठवड्यात रस्त्याकडेच्या एका दुकानात दहा मिनिटांत चारही फ्लॅप बसवून घेतले होते. मुलाचा हात चपळ होता. ड्रिल मारलं, स्क्रू पिळले, झालं. आम्ही शेजारी उभे राहून चहा पीत होतो, त्यामुळे दोष त्याचा जेवढा तेवढाच आमचा.

आमच्या मशिदीत एक चाचा येतात. टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, पेंट शॉपला त्यांची उमर गेली. चिंचवडमध्ये अशी माणसं गल्लोगल्ली भेटतील, पण गाडीला काही करण्याआधी आपण त्यांना विचारत नाही. जुम्यानंतर त्यांना गाडी दाखवली. ते म्हणाले, "बेटा, भोक पाडू दिलंच कसं?"

मग त्यांनी समजावलं. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या मदतीने पत्र्यावर गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंग, शेवटी चकाकणारा क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेच्या एका पानाएवढी. ड्रिल हे पान फाडतं आणि भोकाच्या कडेला उघडा पत्रा राहतो. तिथेच चिखल साचून ओल धरतो. आमची तर दरवर्षी ताम्हिणीमार्गे कोकणात फेरी, तिथली खारी हवा गंजाला आणखी बळ देते. शिवाय नवीन भोक पाडलं की कंपनीच्या गंजाच्या वॉरंटीवर हक्क सांगणंही अवघड होऊ शकतं.

म्हणून फ्लॅप घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: कंपनीने आधीच ठेवलेल्या भोकांत बसतो का? बऱ्याच गाड्यांत चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला स्क्रू किंवा क्लिपा असतात, त्याच जागी मॉडेलनुसार बनवलेला फ्लॅप बसतो. 'सगळ्या गाड्यांना चालतो' असं सांगून जो देतात, तो बहुधा ड्रिलशिवाय चालत नाही. शे-दोनशे वाचवायला जाऊ नये. टायरची पूर्ण रुंदी झाकली जाईल असा घ्यावा, पण फार लांब नको. घरची पाच माणसं आणि डिकीत सामान भरल्यावर गाडी खाली बसते आणि फ्लॅप प्रत्येक स्पीडब्रेकरवर घासतो.

भोक न पाडताही रंग जातो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. फ्लॅपची कड रंगाला टेकलेली असते. मध्ये वाळूचे कण अडकतात, गाडी थरथरते आणि ते कण पॉलिशपेपरसारखे रंग घासत राहतात. चाकण-तळेगाव रस्त्याने रोज कंपनीत जाणाऱ्यांनी तर हे पाहावंच. उपाय साधा आहे. जिथे कड टेकते तिथे रंग धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून पारदर्शक संरक्षक फिल्मची बोटभर रुंद पट्टी चिकटवायची, मग फ्लॅप. नुसता दुहेरी चिकटपट्टीवर फ्लॅप लटकवू नका. पावसात पट्टी सुटते, आणि पूर्वी टच-अप केलेला रंग असेल तर सोबत तोही घेऊन येते.

बसवताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला. पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हात आत जातो, जॅक लागत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नये, घरातल्या पोरांना तर जवळही येऊ देऊ नका. आधी सगळे स्क्रू सैल लावून फ्लॅप सरळ करून घ्या, मग हाताने आवळा. मशीनने पिळलं तर प्लास्टिक चिरतं. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहा. आठवड्याने स्क्रू पुन्हा तपासा आणि पावसाळा संपला की फ्लॅप काढून आतला चिखल धुवा.

भोक आधीच पडलं असेल तर गंज चमकता पत्रा दिसेपर्यंत घासायचा, गंजरोधक प्रायमर, वाळल्यावर टच-अप. आम्ही तेच केलं. गंज आरपार गेला असेल तर मात्र डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जावं.

फ्लॅपचा एवढा खटाटोप फक्त आपल्या रंगासाठी नाही. मागून स्कूटरवर एखादी बहीण लेकराला घेऊन येत असते, चाकातून उडालेला खडा तिच्या तोंडावर जाऊ नये. वाटेतली इजा दूर करणं हा सदका आहे, हे मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असतं. पण बाजूला उडणारं डबक्याचं पाणी कुठलाच फ्लॅप अडवत नाही, तिथे ब्रेकवर पाय हवा. रस्त्याच्या चिखलाबाबत फुकहांनी सवलत दिली आहे हे खरं, तरी जुम्याला निघालेल्या माणसाच्या धुतलेल्या कुर्त्यावर तो उडवायची मुभा त्यात नाही.

पुढच्या जुम्याला चाचांनी वाकून फ्लॅपच्या कडेवरून बोट फिरवलं. फिल्म लागली का म्हणाले, आणि मग दुसऱ्या बाजूचंही दाखवायला सांगितलं. ती बाजू अजून राहिली होती.