पदनाम बदलले, पदाचे काय?

केंद्र सरकारच्या रुग्णालयांतील ‘स्टाफ नर्स’ २०१६ मध्ये ‘नर्सिंग ऑफिसर’ झाल्या आणि ‘नर्सिंग सिस्टर’ ‘सीनिअर नर्सिंग ऑफिसर’. परिचारिकांच्या संघटनांची ही जुनी मागणी होती. पुढे राजस्थानसारख्या राज्यांनीही तोच मार्ग पत्करला. नाव बदलल्याने काय साधते, असा प्रश्न विचारून या मागणीची थट्टा करणे सोपे आहे. पण ते न्याय्य ठरणार नाही.

‘सिस्टर’ हे संबोधन ख्रिस्ती धर्मसंघांतील जोगिणींपासून आले. रुग्णशुश्रूषा हे व्रत आहे आणि व्रतस्थाने मोबदल्याची भाषा करू नये, ही समजूतही त्या शब्दाबरोबर रुग्णालयांत शिरली. प्रत्यक्षात आजची परिचारिका तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करते, परीक्षा देते, परिषदेकडे नोंदणी करते आणि औषधाची मात्रा चुकली तर जाबही देते. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत रूढ झालेले ‘अधिपरिचारिका’ हे पदनाम अर्थाच्या दृष्टीने चांगलेच आहे. पण या व्यवसायात पुरुषही असल्याने ‘अधिपरिचारक’ असा वेगळा शब्द योजावा लागतो. ‘अधिकारी’ हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो आणि कामातील जबाबदारी मान्य करतो. तेव्हा बदल योग्यच होता, यात शंका नाही.

प्रश्न पुढचा आहे. नव्या नावाने परिचारिकेच्या पाळीत काय फरक पडला? अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण वर्षानुवर्षे कागदावर आहे. सरकारी रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात ज्याने एक रात्र काढली आहे, त्याला हे प्रमाण कितपत पाळले जाते, हे वेगळे सांगावे लागत नाही. पदनाम बदलण्यास एका आदेशाचा कागद पुरतो. रिक्त पदे भरण्यास मात्र पैसा लागतो आणि तो दरवर्षी लागतो.

‘अधिकारी’ हा शब्द किती स्वस्त होऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण खेड्यातील उपकेंद्रात सापडते. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली आणि २०२३ मध्ये त्यांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामांतर झाले. तेथे नेमलेल्या परिचर्या वा आयुर्वेद पदवीधरास ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ असे भारदस्त नाव मिळाले. महाराष्ट्रात नेमणूक मात्र कंत्राटी. कराराच्या नूतनीकरणाकडे डोळे लावून बसणारा अधिकारी, हा आपल्या प्रशासनाने घडविलेला एक अजब प्रकार आहे. शिक्षकवर्गास त्याचे नवल वाटणार नाही. ‘शिक्षणसेवक’ या उदात्त शब्दाआड ठरावीक मानधनाची तीन वर्षे कशी सरतात, हे महाराष्ट्रातील शिक्षकांनी २००० पासून अनुभवले आहे.

आता या शिडीच्या शेवटच्या पायरीकडे पाहावे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्यात आली. देशात त्यांची संख्या आज दहा लाखांच्या घरात आहे. गरोदर मातांची नोंद, दवाखान्यातील प्रसूती, बालकांचे लसीकरण, क्षयरुग्णांचा औषधोपचार, हे सारे त्यांच्या पायपिटीवर चालते. करोनाच्या साथीत २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेसाठी घरोघर जाणाऱ्या पथकांत त्याच होत्या. तरी सरकारदरबारी त्यांचे नाव ‘स्वयंसेविका’. तिला वेतन नाही; कामागणिक मोबदला आहे. जी गरोदर बाईला घेऊन रात्री-अपरात्री दवाखाना गाठते, तिला स्वतःला हक्काची प्रसूतिरजा नाही. कारण स्वयंसेविकेस रजा कसली?

येथे पदनामाचे खरे स्वरूप उघड होते. ‘कामगार’ म्हटले की किमान वेतन आले, भविष्यनिर्वाह निधी आला, निवृत्तीनंतरची तरतूद आली. ‘स्वयंसेविका’ म्हटले की यांतले काहीच येत नाही. २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर राबणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार मानावे, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याचे अभिनंदन सर्वांनी केले. शिफारशीचा गौरव मात्र कोणी केला नाही. महाराष्ट्रात २०२४ साली त्यांच्या मासिक मोबदल्यात पाच हजारांची वाढ मंजूर झाली, तीही संप आणि आझाद मैदानावरील आंदोलनानंतर. रक्कम वाढली, नाव तेच राहिले.

आशांना नियमित कर्मचारी केल्यास लोकसेवेची भावना लोपेल आणि तिजोरीवर भार पडेल, असा युक्तिवाद केला जातो. त्यातील दुसरा भाग खरा आहे आणि त्याचा विचार टप्प्याटप्प्याने करता येईल. पहिला भाग मात्र टिकणारा नाही. वेतन घेतल्याने डॉक्टरांची सेवाभावना लोपते, असे कोणी म्हणत नाही. मग ती गावातल्या बाईचीच का लोपावी? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा ‘मानधन’ या शब्दापाशी न थांबता ते कामाचे वेतनच आहे, असे मानले. नावापलीकडचे काम पाहण्याची ही दृष्टी शासनालाही अशक्य नाही.

ज्या नामांतराला खर्च नाही ते झटपट होते आणि ज्याला खर्च आहे ते अडून राहते, हा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे. म्हणून आरोग्यसेवेतील पदनाम बदलणारा पुढचा आदेश निघेल, तेव्हा नव्या नावाचे कौतुक करण्यापूर्वी त्याखालची कलमे वाचावीत. त्यांत पदांची संख्या, वेतन आणि अधिकार यांचा उल्लेख असेल, तर तो बदल खरा. नसेल, तर दाराची पाटी तेवढी रंगविली गेली, असे समजावे.