चालवील त्याची रिक्षा

शहरी मध्यमवर्गाच्या नित्याच्या गाऱ्हाण्यांत रिक्षावाल्याचे स्थान फार वरचे आहे. जवळचे भाडे तो नाकारतो, मीटरपेक्षा जास्त मागतो, पावसाची सर आली की त्याचा तोरा पाहवत नाही, अशा तक्रारी शाळेच्या शिक्षककक्षात आणि कचेरीच्या उपाहारगृहात रोज ऐकू येतात. त्यांतील बऱ्याच खऱ्याही असतात. परंतु ज्या तीन चाकांवर बसून हा प्रवास होतो ती चाके कोणाच्या मालकीची आहेत, आणि ती फिरती ठेवण्यास काय पडते, हा विचार तक्रार करणाऱ्यांच्या मनात क्वचितच येतो. रिक्षावाल्याच्या वर्तनाचे मूळ मात्र बऱ्याच अंशी तेथेच आहे.

हे वाहन जन्मले गरजेपोटी. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या इटलीत पिआज्जिओ कारखान्याने १९४६ मध्ये वेस्पा स्कूटर काढली. तिचा आराखडा कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याचा. त्याच धर्तीवर मागे दोन चाके जोडून १९४८ मध्ये ‘आपे’, म्हणजे मधमाशी, या नावाची मालवाहू तीनचाकी बाजारात आली. बजाज उद्योगसमूहाने आरंभी आयात केलेल्या दुचाक्या व तीनचाक्या विकल्या, १९५९ मध्ये त्या येथेच बनवण्याचा परवाना मिळवला, आणि पुढे पुण्यालगतच्या आकुर्डीहून ही तीनचाकी देशभर पसरली. स्कूटरचे हँडल, डाव्या मुठीत गिअर, पायाशी ब्रेक, डोक्यावर हूड आणि दोन्ही बाजू उघड्या असे तिचे रूप आहे. अरुंद गल्लीत ती सहज वळते, थोड्या इंधनात धावते, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शकतो. तिच्या लोकप्रियतेचे सारे रहस्य या साधेपणात आहे.

मात्र या साधेपणाची एक किंमत आहे. तीन चाकांची गाडी त्रिकोणावर उभी असते, आणि त्या त्रिकोणाचे टोक पुढे असते. वळण घेता घेता चालकाने जोरात ब्रेक दाबला तर भार पुढच्या एकट्या चाकाकडे सरकतो. तेथे आधार अरुंद असल्याने गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. मागील दोन चाकांचे ब्रेक सारखे लागत नसतील, टायर गुळगुळीत झाले असतील, किंवा पुढच्या चाकाचे बेअरिंग सैल झाले असेल, तर हा धोका आणखी बळावतो. चालक व तीन प्रवासी यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये ना दार असते, ना काच. म्हणून रिक्षाची निगा ही हौसेची बाब नाही. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, क्लचची वायर, इंजिन ऑइल, टायर ही यादी एखाद्या गृहिणीच्या वाणसामानाच्या यादीसारखी दरमहा समोर येते. त्यात विमा, सीएनजीच्या टाकीची तीन वर्षांनी करावयाची चाचणी, मीटरचे प्रमाणीकरण आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सर्वजण ‘पासिंग’ म्हणतात ते, यांची भर पडते. नव्या गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. शिवाय गॅरेजमध्ये गेलेला दिवस दुप्पट महाग पडतो. खर्च तर होतोच, पण त्या दिवसाची कमाईही बुडते.

आता ही निगा राखायची कोणी? महाराष्ट्रात परवानाधारक मालकाने पांढरा गणवेश घालावा आणि दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याने खाकी, असा दंडक आहे. कपड्याच्या या दोन रंगांत रिक्षाव्यवसायाचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. खाकीतला चालक सकाळी गाडी बाहेर काढतो तेव्हाच त्याच्या डोक्यावर मालकाच्या ठरलेल्या रकमेचे ओझे असते. ती रक्कम आणि गॅसचे पैसे सुटल्यानंतर जे उरेल ते त्याचे. साहजिकच त्याला लांबचे भाडे हवे असते, जवळचे नको असते. आणि ब्रेक किंचित कमी लागत असला तरी ‘उद्या पाहू’ असे म्हणण्याकडे त्याचा कल असतो. गाडी त्याची नाही आणि उद्याची पाळीही कदाचित त्याची नाही. मालकाच्या दृष्टीने ती गाडी म्हणजे दरमहा भाडे देणारी खोली; भिंतीला ओल आली तरी भाडे येत असेल तोवर डागडुजीची घाई कोणाला असणार?

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा मराठी माणसाला नवी नाही. १९४८ च्या कुळकायद्याने तिला कायद्याचे रूप दिले, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून अनेक कुळे जमिनीची मालक झाली. शेतीत जे तत्त्व मान्य झाले ते रिक्षाच्या बाबतीत मात्र उलटे फिरले. १९९७ च्या अखेरीस राज्यातील मोठ्या शहरांत नव्या परवान्यांवर बंदी आली. वाहनांची गर्दी आवरावी हा हेतू चांगलाच होता. परंतु शहरे वाढत राहिली, प्रवासी वाढत राहिले, परवाने मात्र तेवढेच राहिले. मध्यंतरी रद्द झालेल्या परवान्यांचे सोडतीने वाटप झाले तेवढेच. परिणामी परवाना नावाच्या कागदाला लोखंडी गाडीहून अधिक मोल आले. कागदावर नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि घाम तिसऱ्याचा, अशी व्यवस्था ठिकठिकाणी रुजली. तिला सावकारी म्हणणे कठोर वाटेल. पण चुकीचे ठरणार नाही.

जून २०१७ मध्ये ही मर्यादा उठली. ज्याच्याजवळ बॅज आहे त्याला स्वतःच्या नावे परवाना घेण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि कित्येक खाकीवाले पांढऱ्या कपड्यांत आले. हा बदल स्वागतार्हच होता. पण कुलूप उघडताना दाराची चौकटच काढून टाकावी तसे झाले. स्टँडवरच्या रांगा लांबल्या, प्रत्येकाच्या वाट्याचे प्रवासी घटले, आणि नव्या मालकाच्या मानेवर कर्जाचा मासिक हप्ता बसला. पूर्वी तो गाडीमालकाला रोज पैसे देत असे. आता तो कर्ज देणाऱ्याला दरमहा देऊ लागला. त्यातच मोबाइलवरून गाडी बोलावण्याची सोय आली, आणि भाडे कोणाला मिळावे हे ठरवण्याची सत्ता मोठ्या प्रमाणावर दूरच्या कंपन्यांच्या हाती गेली. हप्ता चुकेल या भीतीने जगणारा मालक गाडीची देखभाल पुढे ढकलतो, हे कटू असले तरी स्वाभाविक आहे.

यात सरकारची भाडेनीतीही निर्दोष नाही. २०१२ मध्ये हकीम समितीने भाड्याचा फेरविचार दरवर्षी करण्याची पद्धत सुचवली. तरीही मुंबई महानगर प्रदेशात २०१५ मध्ये १८ रुपये झालेले किमान भाडे २१ रुपये होण्यास २०२१ चा मार्च उजाडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते २३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झाले. सरकारी नोकराचा महागाई भत्ता इतकी वर्षे गोठवला असता तर कचेऱ्या ओस पडल्या असत्या. अनेक वर्षे काहीच न वाढवता एकदम वाढ केली म्हणजे प्रवासीही चिडतो आणि चालकही समाधानी होत नाही. मधल्या काळात नुकसान भरून काढण्याचा ज्याचा त्याचा मार्ग ठरतो. आणि तो मार्ग बहुधा मीटरच्या बाहेरून जातो.

मालकचालकही भाडे नाकारतात आणि प्रवाशांची लूट करतात, मग मालकीने काय साधणार, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. मालकीने माणूस सज्जन होत नाही. भाडे नाकारणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु परवाना स्वतःच्या नावे असेल तर तो निलंबित होण्याची भीती खरी असते, आणि गाडी स्वतःची असेल तर तिचा खिळखिळा ब्रेक हा स्वतःचाच तोटा असतो. जबाबदारी तेथेच रुजते जेथे गमावण्यासारखे काही असते. पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या रिक्षा पंचायतीने चालकाकडे केवळ उपद्रव म्हणून न पाहता कष्टकरी म्हणून पाहण्यास समाजाला शिकवले, ही शिकवण येथे विसरता कामा नये.

तेव्हा करावयाचे ते स्पष्ट आहे. परवाना चालवणाऱ्याच्याच हाती राहील, याची कागदोपत्री नव्हे तर रस्त्यावर तपासणी व्हावी. भाड्याचा फेरविचार दरवर्षी ठरलेल्या तारखेस व्हावा आणि त्यात देखभालीचा खर्च उघडपणे धरला जावा. सहकारी बँका व पतसंस्था यांनी गाडीसाठीच नव्हे, तर तिच्या मोठ्या दुरुस्तीसाठीही माफक व्याजाने कर्ज द्यावे. राज्याने २०२४ मध्ये चालकांसाठी स्थापन केलेल्या कल्याणकारी मंडळाने आजारपण व वृद्धापकाळ यांबरोबरच गाडी बंद पडलेल्या दिवसांचाही विचार करावा. एवढे झाल्यावर मात्र मीटरप्रमाणे, हव्या त्या ठिकाणी जाण्यास नकार देणाऱ्याची गय करण्याचे कारण राहणार नाही.

प्रवाशाचेही एक कर्तव्य उरतेच. मीटरप्रमाणे रास्त वाढलेले भाडे देताना नाक मुरडायचे आणि त्याच वेळी गाडीचा ब्रेक उत्तम असावा अशी अपेक्षा धरायची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. ज्या वाहनातून आपली मुले शाळेत आणि म्हातारी माणसे दवाखान्यात जातात, त्याच्या देखभालीचा खर्च कोणीतरी भरलाच पाहिजे. तो भाड्यातून उजळ माथ्याने भरला गेला नाही, तर एखाद्या वळणावर अपघाताच्या रूपाने वसूल होतो. आणि त्या वेळी तो चालकाकडून जितका वसूल होतो तितकाच मागे बसलेल्यांकडूनही.