दारातला मनोरा

येत्या २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ मध्ये याच तारखेला चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध जाहीर झाला आणि १९८७ पासून आपण हा दिवस पाळतो. त्यांच्या आयुष्याची एक बाजू मात्र या दिवशी क्वचितच सांगितली जाते. भौतिकशास्त्रात एम.ए. होऊनही १९०७ मध्ये रामन सरकारच्या वित्त खात्यात रुजू झाले, कारण त्या काळी विज्ञानावर घर चालत नव्हते. दहा वर्षे दिवसा हिशेब आणि फावल्या वेळात प्रयोगशाळा असा क्रम चालला. १९१७ मध्ये कमी पगार पत्करून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

एवढा काळ लोटला, तरी घराघरांतला प्रश्न बदललेला नाही. मुलाने बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतले की नातेवाईक विचारतात, ‘पुढे काय, मास्तर होणार?’ शिक्षकी हा मानाचा पेशा आहे आणि चांगल्या शिक्षकांची आपल्याला गरजही आहे. पण दुसरी वाटच नाही, हा समज खोटा आहे. पनवेलकरांना तर तो खोटा ठरवायला लांब जायला नको.

उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा अशा गावांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. तेव्हापासून भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांची चर्चा होते ती बहुतेक सामान चढवणे-उतरवणे, गाड्या आणि सुरक्षारक्षक यांचीच. या कामांत कमीपणा काहीच नाही. पण त्याच आवारात एक मनोराही आहे. विमानांना उतरण्या-उडण्याची परवानगी देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण देशपातळीवर करते. त्यासाठी अभियांत्रिकीच हवी असे नाही. भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली तीन वर्षांची बी.एस्सी. चालते. या कनिष्ठ कार्यकारी पदाची वेतनश्रेणी ४०,००० रुपयांपासून सुरू होते आणि भत्ते वेगळे. परीक्षेबरोबर आवाजाची चाचणी आणि कडक वैद्यकीय तपासणी असते. वयाची अट २७ वर्षांची. त्यामुळे ही माहिती तिशीत मिळून उपयोग नाही, ती पहिल्याच वर्षी मिळायला हवी. गणित मध्येच सोडले की हे दार बंद होते, हे किती विद्यार्थ्यांना कोणी सांगितले आहे?

दुसरे दार खारघरला. टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये प्रोटॉन किरणोपचाराची सुविधा आहे. प्रोटॉन शरीरात शिरताना वाटेत तुलनेने कमी ऊर्जा देतो आणि थांबता थांबता एका जागी सर्वांत जास्त सोडतो. ती जागा कर्करोगाच्या गाठीवर आणायची आणि शेजारचा निरोगी भाग वाचवायचा, याचे गणित वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ मांडतो. उपचार डॉक्टर ठरवतात, पण मात्रा नेमकी पोहोचते ती त्याच्या हिशेबाने. अशा तज्ज्ञाशिवाय किरणोपचार केंद्र चालवता येत नाही, असा नियमच आहे. एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्रातला विकिरण भौतिकीचा (रेडिओलॉजिकल फिजिक्स) एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम ही त्याची जुनी, भरवशाची वाट आहे.

भाभा केंद्राच्याच ट्रॉम्बे येथील प्रशिक्षणशाळेने १९५७ पासून देशाला अणुशास्त्रज्ञ दिले. एम.एस्सी. होऊन तिथले वर्ष यशस्वीपणे पुरे करणारा वैज्ञानिक अधिकारी होतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय तर नवीन पनवेलमध्येच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला नेली गेली आणि नोंदींचा धागा तुटू दिला नाही. त्या परंपरेतली ही संस्था सूर्यावरच्या वादळांचा पृथ्वीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करते. उपग्रह आणि वीजवाहिन्या यांच्यावर विसंबलेल्या देशाला असे संशोधक लागणारच.

यांपैकी कोणतीही वाट सोपी नाही. स्पर्धा देशभराची आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी बोलण्याची तयारी वेगळी करावी लागते. पण अपयश आले तर ते परीक्षेत यावे. माहितीअभावी अर्जच भरला गेला नाही, असे होऊ नये. ज्या तालुक्याने जमीन दिली, डोंगर सपाट होताना पाहिले, नदीचा प्रवाह वळताना पाहिला, त्या तालुक्याच्या मुलांना मनोरा फक्त खालून दिसावा, हे आपल्याला मान्य होता कामा नये.

म्हणून पनवेल-उरण परिसरातल्या प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना एक विनंती. यंदाच्या विज्ञान दिनी प्रतिकृतींच्या प्रदर्शनाशेजारी एक फलक लावा. त्यावर या चार वाटा, त्यांची पात्रता आणि वयाची अट मोठ्या अक्षरांत लिहा. आणि त्या दिवशी पालकांनाही बोलवा.