ज्ञानकोशाची वांटणी

आमच्या तीर्थरूपांच्या पश्चात् घराची वांटणी झाली, तेव्हां भांडींकुंडीं व दागिने यांवरून शब्दास शब्द लागला नाहीं. वाद निघाला तो ग्रंथांवरून. डॉ. केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड घरांत होते व आम्ही भाऊ तिघे. वडीलपणाच्या नात्यानें निवाडा आम्हींच केला: दोघां बंधूंस आठ आठ, आम्हांस सात. न्याय त्रैराशिकासारखा बिनचूक होता. परंतु त्याच दिवशीं कोश निरुपयोगी झाला. सूची एकाकडे, लेख दुसऱ्याकडे, शोधावें कोठें? पुढें धाकट्यांनीं बिऱ्हाड हलविलें, तेव्हां त्यांचे आठ खंड रद्दींत गेले. सूचीही त्यांतच होती. कोशांतील मजकूर आज संगणकावर वाचावयास मिळतो, हें खरें. पण समासांत तीर्थरूपांनीं लिहिलेल्या टीपा कोठें मिळणार? हा दोष धाकट्यांचा नव्हे. निवाडा आमचा होता.

हें शल्य मनांत घेऊन आम्ही अलीकडे वारज्याहून गणेशखिंडीस विद्यापीठाकडे निघालों. वाटेंत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर लागलें. ६ जुलै १९१७ रोजीं ही संस्था स्थापन झाली, तेव्हां सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं स्वतःचा ग्रंथसंग्रह तिला दिला. डेक्कन कॉलेजांतील सरकारी हस्तलिखितेंही पुढें तेथेंच आलीं. महाभारताची चिकित्सक आवृत्ति याच संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केली. एका घरांत पोथी एकच असते. पाठभेद दिसावयास तिच्या शेजारीं दुसरी ठेवावी लागते. एकत्र आणण्याचें महत्त्व तें हेंच.

पुणें विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजीं स्थापन झालें. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. पहिले कुलगुरु डॉ. मुकुंदराव जयकर यांचें नांव ग्रंथालयास दिलेलें आहे. अशा ग्रंथालयाचें काम केवळ ग्रंथ देण्याघेण्याचें नव्हे. आलेल्या ग्रंथास दाखल-क्रमांक मिळतो, विषयाप्रमाणें वर्गांक लागतो, सूचींत नोंद होते. मग अनोळखी विद्यार्थ्यासही तो हुडकतां येतो. आमच्या कपाटांतील ग्रंथ मात्र आमच्यावांचून कोणास सांपडला असता? विद्यापीठांचे प्रबंधही आतां ‘शोधगंगा’ या संग्रहांत घरबसल्या विनामूल्य पाहतां येतात.

डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. ग्रंथ उपयोगासाठीं आहेत, हें त्यांतलें पहिलें. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, ग्रंथपालदिन म्हणून पाळतात. आमच्या वाचकांनीं त्या दिवशीं घरचें कपाट उघडावें. ग्रंथाचें नांव, कर्ता, आवृत्ति, साल व खंड यांची यादी करावी. कोणाच्या हातच्या टीपा असल्यास तेंही नमूद करावें. संच फोडूं नये. ग्रंथालयास जागेची मर्यादा असते व पुष्कळ ग्रंथ तेथें आधींच असतात. म्हणून गठ्ठे नेऊन टाकण्यापूर्वीं यादी पाठवून विचारावें. आणि हें सर्व वडील मंडळी हयात असतांना, सर्वांच्या संमतीनें व्हावें.

मधल्या बंधूंचे आठ व आमचे सात खंड आतां एका फळीवर आले आहेत. त्यांची यादी आम्हीं केली आहे. गेलेल्या आठ खंडांपुढें जागा कोरी ठेविली आहे. अपुरा संच कोणी घेईल न घेईल. पण पुन्हां त्याची वांटणी व्हावयाची नाहीं, एवढें आम्हीं मुलांस लिहून दिलें आहे.