पक्षी सप्ताह कार्तिकात, चिखल मात्र फाल्गुनात

राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' ठरवून दिला आहे. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला डॉ. सलीम अलींचा, म्हणून हा आठवडा. दोघेही आपापल्या जागी थोर, त्याबद्दल वाद नाही. पण बीड जिल्ह्यापुरतं बोलायचं तर हा आठवडा आपल्या कामाचा नाही, हे कुणीतरी म्हणायला हवं म्हणून हा प्रपंच.

पाऊस बरा झाला असेल तर नोव्हेंबरात माजलगावचं धरण काठोकाठ असतं. पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला लागलेलं. अशा पाण्यात बदकं पोहतील, पण चिखलात चालून पोट भरणाऱ्या पाखरांना उभं राहायला जागा कुठं? शेकाट्या, तुतवार, चिखल्या, पाणटिवळा, टिलवा ही सगळी गाळावरची पाखरं. त्यांना पोहायचं नसतं, चालायचं असतं. पाणी जसजसं उतरतं तसतसा गाळ उघडा पडतो आणि माघ-फाल्गुनात त्यांची खरी जत्रा भरते.

दुसरं कारण माणसांचं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कोयत्यामागची माणसं ट्रकात बसून कारखान्यांकडं निघतात. म्हणजे नेमकी पाखरं यायच्या दिवसांत आपली माणसं जायला लागतात. गावात म्हातारीकोतारी आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं. अशा गावात सप्ताह कुणासाठी करायचा? पट्टे पडून टोळ्या घरी येऊ लागतात त्या सुमाराला, मार्चात, ही पाखरंही परतीच्या तयारीत असतात. पक्षी दाखवायचे तर तेव्हा दाखवावेत.

आता पाखरं दाखवायची म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडं सहल म्हटलं की डबे आणि भोंगा आलाच. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचं अभयारण्य आहे. २०२० साली रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. तिथं आसपासच्या गावांतलीच पोरं गाईड म्हणून उभी आहेत. सकाळी लवकर निघायचं, ऊन पाठीवर घ्यायचं म्हणजे पाखराचा रंग दिसतो. तिकाटण्यावरची दुर्बीण लावून गाईड एकेकाला डोळा लावायला सांगतो. पाखरू उडालं की आपण फार जवळ गेलो असं समजायचं आणि मागं सरायचं.

आणि मग चोचीकडं बघायला लागतं. आखूड चोचीचा चिखल्या धावतो, थांबतो, वरवरचा किडा टिपतो. लांब चोचीचा पाणटिवळा चोच मुळापर्यंत गाळात खुपसतो. त्या चोचीच्या टोकाला आतली अळी न दिसताही जाणवते. लाल काडीसारख्या पायांचा शेकाट्या गुडघाभर पाण्यात. एकाच चिखलात प्रत्येकाचं शेत वेगळं, बांधावरून भांडण नाही. (हे आपल्याला कधी जमायचं!) त्यातला छोटा टिलवा जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा असतो आणि उन्हाळ्यात अंडी घालायला रशियाच्या पार उत्तर टोकाला जातो. इथून ते अंतर सहा हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. त्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावर चढवलेली चरबी, आणि ती वाटेवरच्या अशाच चिखलांत चढते. आपली टिटवी, जिनं अंडी उंचावर घातली की आपण पावसाचा अंदाज बांधतो, ती याच भाऊबंदकीतली.

आपल्या जिल्ह्यात अभयारण्य आहे ते पाटोदा तालुक्यातलं नायगावचं, मोरांचं. नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण तो पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवाशाकडं. त्याच नाथसागराचं पाणी उजव्या कालव्यानं माजलगावला येतं, दर्जा मात्र येत नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. म्हणजे माजलगावच्या काठाला वाली कोण, तर काठावरची गावं.

इथं गाळपेराचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी पाणी उतरल्यावर त्याच मातीत हरभरा, गहू, टरबूज केलं तर त्यांना बोल लावणारा मी कोण? पाखरांसाठी गाळपेर बंद करा असं म्हणणाऱ्यानं आधी धरणग्रस्ताच्या घरी एक रात्र काढावी. पण नीट पाहिलं तर भांडण फारसं नाहीच. पाखरांना लागतो तो पाण्यालगतचा ताजा, पचपचीत पट्टा. तिथं नांगर चालत नाही, पाय रुततो. पाणी मागं जाईल तसा तो पट्टाही मागं सरकतो आणि आधीचा भाग वाफशावर येतो. पाण्याच्या ओळीपासून वीस-पंचवीस पावलं सोडली तर शेतकऱ्याचं काय जातं?

घात होतो तो फवारणीनं. अळीचं औषध त्या पट्ट्यात उतरलं की पाखराचं अन्नच मेलं. शिवाय बीड शहराचं पिण्याचं पाणी याच बॅकवॉटरमधून उचललं जातं. तेव्हा एवढ्या पट्ट्यात पंप न नेण्यात पाखरांपेक्षा माणसांचाच फायदा जास्त. गावतळ्यांतला गाळ काढण्याचंही तसंच. 'गाळमुक्त धरण' मधून गाळ जरूर काढावा, पण पोकलेन एप्रिल अखेरीला उतरवावं, तोवर बहुतेक पाहुणे गेलेले असतात.

काठावरच्या सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी (हुद्द्याचं नाव बदललं तरी लोक ग्रामसेवकच म्हणणार) यासाठी नवी समिती काढू नये. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असायलाच हवी. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात आहे. ती बाहेर काढावी. वनखात्याकडून एक चांगली दुर्बीण आणि जाणता माणूस मागावा. वाट दाखवायला भोई समाजाची माणसं घ्यावीत. कुठं गाळ धरतो, कुठं माणूस कमरेपर्यंत जातो आणि कोणतं पाखरू कोणत्या खाडीत बसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडेल, तो ग्रामपंचायतीनं द्यावा. नुसतं श्रीफळ देऊन बोळवण करू नये. आणि गाळपेर करणाऱ्यांना आधी बोलवावं, शाळेच्या पोरांच्याही आधी.

दिवस होळीच्या आधीचा रविवार धरावा, वेळ सकाळी साडेसहाची. कुत्री घरी बांधून यावीत.