'थ्राइस' शिकवावा की नाही?

इंग्लंडमध्ये आज सहज बोलताना सहसा कुणी 'थ्राइस' म्हणत नाही, 'थ्री टाइम्स' म्हणतात. तिकडचे शब्दकोश या शब्दापुढे 'जुना' किंवा 'साहित्यिक' असा शेरा मारतात. आपल्याकडे मात्र तो शाळेच्या गणितात (तिथे तो 'तिप्पट' होतो), क्रिकेटच्या बातम्यांत आणि कचेरीच्या पत्रांत सर्रास भेटतो. मग मुलांना तो शिकवायचा की सोडायला सांगायचा?

सोडा म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलताना एखादीच्या तोंडून 'थ्राइस' गेला, तर अर्थ कळतो, पण ऐकणाऱ्याला ती नाटकातलं बोलतेय असं वाटू शकतं. आपणही 'त्रिवार' हा शब्द वंदनासाठी नाहीतर सत्यासाठी राखून ठेवतो. 'तुला त्रिवार फोन केला' म्हणत नाही.

पण हा शब्द इथेच का तगला, हेही पाहायला हवं. जुन्या इंग्रजीत 'थ्रिवा' होता, पुढे त्याला षष्ठीचा 'स' चिकटला. 'वन्स' आणि 'ट्वाइस' याच घडणीचे. संस्कृत 'त्रिः' आणि लॅटिन 'तेर' हे त्याचे भाऊबंद. इंग्रजीची ही ओळ तिनावर थांबते, चारपासून 'टाइम्स' सुरू. मराठी मात्र एकदा, दोनदा, तीनदा, चारदा अशी हवी तितकी पुढे जाते. त्यामुळे 'ट्वाइस'नंतर 'थ्राइस' न येणं हेच आपल्या कानाला खटकतं. ब्रिटिश काळापासूनच्या पाठांतराइतकंच हेही कारण असावं, असं मला वाटतं.

म्हणून 'थ्राइस'खाली लाल रेघ ओढणाऱ्या शिक्षकांशी माझं जमत नाही. शब्द अचूक आहे आणि आटोपशीरही. परदेशी कंपनीला अर्ज करताना 'थ्री टाइम्स' लिहा, एवढं सांगितलं की पुरे.

औषधाच्या चिठ्ठीवर मात्र मी दोन्हींच्या विरोधात आहे. डॉक्टर तिथे 'टीडीएस' लिहितात. त्यातला 'टी' म्हणजे तोच लॅटिन 'तेर', पगारदाराला मात्र आयकर आठवतो! 'थ्राइस अ डे' लिहिलं तरी तीन वेळा कोणत्या, ते रोग्याला कळत नाही. त्यापेक्षा आपल्या औषधवाल्यांचं 1-1-1 बरं: सकाळ, दुपार, रात्र.