लेन्स, बुबुळ आणि नोंदणीची खिडकी

दि. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बोटांच्या ठशांबरोबर दोन्ही बुबुळांचे चित्रही घ्यावे का, यावर त्याआधी बराच खल झाला होता. खर्च वाढेल हा आक्षेप होताच. तरीही बुबुळाची बाजू वरचढ ठरली, कारण कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजतात. जयपूरमध्ये हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. येथे फिरत्या चाकावर रत्नांना पैलू पाडणारे आणि तापलेल्या लाखेच्या बांगड्या वळणारे हजारो हात आहेत. ठसा उमटला नाही, तर बुबुळ हाच त्यांचा आधार.

बुबुळावरचे तंतू व खाचा यांची रचना जन्मापूर्वीच आकार घेते. जुळ्या भावंडांत, इतकेच काय एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही, ती वेगळी असते. यंत्र अवरक्त प्रकाशात तिचे चित्र घेऊन सांकेतिक नोंद करते. चष्म्याच्या नंबराची पारदर्शक लेन्स यात फारसा अडथळा आणत नाही; मात्र अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की तिच्यामुळेही ओळख नाकारली जाण्याचे प्रमाण काहीसे वाढते. लग्नसराईत घातल्या जाणाऱ्या नक्षीदार रंगीत लेन्सची गोष्ट निराळी. तिच्यावर छापलेली नक्षी खरे बुबुळच झाकते.

येथे एक भेद प्रशासनाने नीट ओळखला पाहिजे. पडताळणीच्या वेळी रंगीत लेन्स असेल, तर त्या दिवसापुरते काम अडते. नोंदणीच्या वेळी असेल, तर लेन्सची नक्षीच बुबुळ म्हणून नोंदली जाण्याचा धोका, आणि पुढे उघडा डोळा वर्षानुवर्षे परका ठरतो. वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी मुलांची जैविक नोंद अद्ययावत करावी लागते. पंधराव्या वर्षी रंगीत लेन्सची हौस असणे स्वाभाविक आहे.

मग खिडकीवरचा कर्मचारी काय करणार? “लेन्स काढा,” एवढेच म्हणणार. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण रांगेत उभ्या माणसाजवळ डबी नसते, द्रावण नसते, हात नोटांनी व रिक्षाच्या दांड्यांनी मळलेले. तो लेन्स नळाच्या पाण्यात धुतो, किंवा जिभेवर ठेवून पुन्हा डोळ्यात घालतो. पाण्यातील अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सखाली कॉर्नियात शिरला, तर उपचार कित्येक महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात तो हाच: अर्धवट सूचना कार्यालयाची, किंमत नागरिकाच्या डोळ्याची.

म्हणून सूचना खिडकीवर नव्हे, आदल्या दिवशी मिळाली पाहिजे. वेळ आरक्षित केल्याच्या पावतीवर आणि केंद्राच्या दारावर लिहावे, की रंगीत लेन्स घरीच काढून चष्मा लावून यावे. पारदर्शक लेन्सवाल्यांनीही नोंदणीपुरते तसेच करावे. ज्यांना केंद्रावरच लेन्स काढावी लागेल त्यांच्यासाठी साबण, कोरडे हात पुसायची सोय व आरसा असावा; डबी आणि ताजे द्रावण मात्र ज्याचे त्याने आणावे. लेन्स घालून झोपू नये, दुसऱ्याची वापरू नये, डबीतील जुन्या द्रावणात नवे ओतू नये, हे नियम तर सर्वत्र लागू. जयपूरच्या मे-जूनमधील आंधीत मी सरळ चष्म्याचीच शिफारस करीन. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

काहींसाठी लेन्स हौस नसते. अपघाताने पांढरा पडलेला डोळा झाकण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने रंगीत लेन्स घालणारी माणसे आहेत. चार लोकांसमोर ती काढायला लावणे म्हणजे जे झाकायचे तेच उघडे पाडणे. त्यांच्यासाठी पडद्याआडची जागा हवी, आणि ते शक्य नसेल तेथे आधारच्या नियमांत अपवादाची तरतूद आहेच. कर्मचाऱ्याने ती आपणहून वापरावी.